पडद्यावर उमटणारा बिघाड

जुना संगणक दुरुस्तीला आला की काका आधी त्याला वीज देत नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं असतं, "एकदा लावून तर बघा" म्हणत असतं, आणि काका यंत्र पालथं घालून स्क्रू काढायला बसलेले असतात. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या तपकीर गल्लीच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून गेलं की त्यांचं दुकान लागतं. उभी हयात टीव्ही दुरुस्तीत गेली. पिक्चर ट्यूबवाले टीव्ही संपले. आताच्या सपाट टीव्हीचं पॅनेल गेलं की लोक नवाच आणतात. तेव्हा त्यांनी हळूहळू १९८० च्या दशकातले घरगुती संगणक हातात घ्यायला सुरुवात केली. धंदा म्हणावा इतकी ही कामं येत नाहीत. पण एखादं आलं की ते सुटेपर्यंत काकांचं जेवणात लक्ष नसतं, अशी घरच्यांची तक्रार आहे.

चिपळूणच्या एका निवृत्त गणितशिक्षकांचा झेडएक्स स्पेक्ट्रम त्यांच्या मुलीनं असाच आणून टेबलावर ठेवला. सरांचा मामेभाऊ व्यापारी जहाजावर होता, त्यानं तो इंग्लंडहून आणलेला. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं काही म्हणता काही राहिलं नाही. हा मात्र माळ्यावर मूळच्या थर्माकोलच्या खोक्यात होता, म्हणून वाचला. घर पुन्हा लावताना सापडला.

"कोणी चालू करून पाहिला का, ताई?" काकांनी विचारलं.

"मुलानं वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावला होता, काका. पिन बसली की बरोबर."

पिन बसते, हीच तर खरी अडचण. आज घरोघरी पडलेल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत मधे अधिक आणि बाहेर वजा असतं. स्पेक्ट्रमचं उलटं आहे: मधे वजा, बाहेर अधिक. शिवाय त्याला हवेत ९ व्होल्ट, राउटरचा अ‍ॅडॉप्टर देतो १२. चुकीची जोडणी आत शिरू न देणारा डायोडही त्यात नाही. गिटारवाल्यांच्या पेडलचे अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचे आणि मधे वजा असलेले मिळतात, पण त्यातले बरेचसे स्पेक्ट्रमची भूक भागवू शकत नाहीत. याला १.४ अँपिअरपर्यंत प्रवाह पुरवणारा लागतो. काका स्वतःचा एक जुना, जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर वापरतात. मोकळा मोजला तर मीटर १३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. नवशिके इथेच दचकतात. हा अ‍ॅडॉप्टर नियंत्रित नसतो, भार आला की आकडा खाली उतरतो, हे ठाऊक नसेल तर चांगला अ‍ॅडॉप्टर फेकून दिला जातो.

यंत्र राउटरच्या अ‍ॅडॉप्टरनं मेलं, की माळ्यावर असतानाच मेलेलं होतं, हे आता कोणी सांगू शकत नाही. काकांनी तो विषय तिथेच सोडला. त्या घरात आधीच एका मुलाला पुरेशी बोलणी बसली असावीत.

आता हा संगणक आहे तरी काय, ते थोडक्यात. सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीनं २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ के स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ के स्मृतीचा १७५ पौंडांना. आतली मांडणी रिचर्ड आल्टवासर यांची, रॉममधली बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांची, आणि रबरी कळांचं ते काळं, चपटं रूप रिक डिकिन्सन यांचं. जुळणी व्हायची स्कॉटलंडमधल्या डंडीला, टायमेक्सच्या कारखान्यात. मेंदू झेड-८० ए, वेग ३.५ मेगाहर्ट्झ. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवण म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. भारतात पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन याचा धाकटा भाऊ, स्पेक्ट्रम प्लस, 'डीबी स्पेक्ट्रम' नावानं काढला. त्याच सुमारास सरकारच्या 'क्लास' योजनेतून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो पोचत होते. सरांची शाळा काही त्या यादीत नव्हती. सरांना संगणक भेटला तो बोटीवरच्या भावामुळे.

परदेशातून आणलेलं यंत्र इथे चालायचं याला एक साधं कारण होतं. दोन्ही देशांची रंगीत टीव्हीची पद्धत एकच होती, पाल. अडचण यायची ती वाहिनीची. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर पाठवतो आणि आपले जुने देशी टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडायचे. सरांनी त्यासाठी एका मित्राचा रंगीत टीव्ही सुट्टीभर घरी आणून ठेवल्याचं मुलीला आठवतं.

खालचे पाच स्क्रू निघाले. वरचं झाकण मात्र ओढून काढायचं नसतं. कीबोर्डच्या पातळ प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आतल्या बोर्डात खोचलेल्या असतात, आणि चाळीस वर्षांनी त्या पापडासारख्या झालेल्या असतात. सरांच्या यंत्रातली एक पट्टी हात लागायच्या आधीच वाकणीवर तडकलेली होती. त्याचं दुःख करण्यात अर्थ नव्हता. कीबोर्डचे नवे मेंब्रेन आजही बनतात आणि ब्रिटनमधून मागवता येतात. एकाच कळीवर पाच-सहा शब्द छापलेल्या या कीबोर्डावर प्रेम करणारे लोक अजून आहेत, हे काकांना गमतीचं वाटतं. स्वतः काकांना तो कीबोर्ड मुळीच आवडत नाही.

आत झुरळांची घाण होती, एका कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून ठेवली होती, आणि काही आयसींचे पाय काळे पडले होते. कोकणातली दमट हवा पायांवरच्या मुलाम्याला सोडत नाही. ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भरपूर उजेड एवढ्यावर पहिला बराच वेळ गेला. मुलीला ते बघून कंटाळा आला असावा. ती खाली चहा प्यायला गेली.

मग मीटर. अजूनही वीज नाहीच.

स्पेक्ट्रमला आत तीन वेगवेगळे दाब लागतात. ५ व्होल्ट ७८०५ नावाचा रेग्युलेटर देतो, त्यात विशेष काही नाही. पण खालच्या १६ के स्मृतीच्या ज्या आठ आयसी आहेत, ४११६ जातीच्या, त्यांना ५ च्या जोडीला १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्टही हवे असतात. हे दोन दाब एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. नकाशावर त्यांची नावं टीआर ४ आणि टीआर ५. स्पेक्ट्रम दुरुस्त करणाऱ्या जगातल्या कोणाही माणसाला झोपेतून उठवून टीआर ४ म्हटलं तर तो उसासा टाकेल. यंत्र चालू असताना मागच्या खाचेत काही जोडलं किंवा उपटलं, पुरवठा उलटा दिला, की बहुधा पहिला बळी याचा जातो.

सरांच्या यंत्रात टीआर ४ आरपार शॉर्ट दाखवत होता. निदान झालं, पाच रुपयांचा माल, बदला आणि मोकळे व्हा असं वाटण्याची हीच जागा. काका इथे थांबतात, कारण टीआर ४ नुसता मरत नाही, त्याला पुष्कळदा मारलं जातं. स्मृतीची एखादी आयसी आतून शॉर्ट झाली की ती १२ व्होल्टची वाट जमिनीला नेऊन भिडवते, आणि तो भार ओढता ओढता टीआर ४ जळतो. नवा ट्रान्झिस्टर घालून लगेच बटण दाबणारा माणूस संध्याकाळी दुसरा ट्रान्झिस्टर आणायला तपकीर गल्लीत येतो. याहून वाईट गोष्ट म्हणजे ४११६ ला १२ व्होल्ट मिळाले आणि उणे ५ मिळाले नाहीत, तर चांगल्या आयसीही खराब होऊ शकतात. म्हणजे अर्धवट दुरुस्त केलेलं यंत्र चालू करणं हे बंद यंत्रापेक्षा महागात पडतं.

४११६ च्या पायांची रचनाही फसवी आहे. सवयीनं माणूस आठवा पाय जमीन आणि सोळावा पाय ५ व्होल्ट धरून चालतो. इथे आठव्यावर १२ व्होल्ट येतात, सोळावा जमीन, नववा ५ आणि पहिला उणे ५. काकांनी हे टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवलं आहे. पाठ असूनही ते बोर्डाला हात लावण्याआधी त्या कागदाकडे बघतात.

आठव्या पायापासून जमिनीपर्यंतचा रोध मोजला. फारच कमी. म्हणजे टीआर ४ च्या मागे आणखी कोणीतरी होतं. सगळ्या आठ आयसींचे आठवे पाय एकाच वाटेवर, मग दोषी कोण? काकांनी जळका ट्रान्झिस्टर काढला, प्रवाहावर मर्यादा घालता येणारा बाकावरचा पुरवठा घेतला, आणि अगदी थोडा दाब त्या वाटेवर सोडला. मग आठही आयसींच्या पाठीवरून बोट फिरवलं. सात थंड. एक कोमट, आणि हळूहळू गरम. ना ऑसिलोस्कोप, ना कसलं खास यंत्र. ती आयसी बोर्डावरून निघाली आणि रोध जागेवर आला.

ती काढण्याची पद्धतही सांगण्यासारखी आहे. स्पेक्ट्रमचा बोर्ड दुहेरी, त्यावरचे तांब्याचे पट्टे पातळ. अख्खी आयसी शाबूत काढायच्या हट्टापायी पट्टे उचलले जातात आणि मग एका बिघाडाचे दहा होतात. काका मेलेल्या आयसीवर दया दाखवत नाहीत. बारीक कटरनं तिचे सोळाही पाय अंगापासून तोडतात, धड बाजूला ठेवतात, आणि मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्ननं तापवून चिमट्यानं उचलतात. भोकं पंपानं मोकळी करतात आणि तिथे सॉकेट बसवतात. आयसी जाते, बोर्ड राहतो. "आयसी दुसरी मिळेल, बोर्ड कोण देणार?" एवढंच त्यांचं म्हणणं.

४११६ आता कोणी बनवत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या साठ्यातल्या म्हणून ज्या मिळतात त्यातल्या काहींवरचा छापा नवा आणि आतला माल भलताच निघतो. काका मेलेल्या बोर्डांवरून काढलेल्या, तपासलेल्या आयसी एका डब्यात ठेवतात. हल्ली आठही आयसींच्या जागी एकच छोटा आधुनिक बोर्ड बसवता येतो. त्याला फक्त ५ व्होल्ट पुरतात, टीआर ४ ची कटकट कायमची मिटते. काकांना तो उपाय चुकीचा वाटत नाही, आळशी वाटतो. रोज वापरायचा असेल तर बसवा म्हणतात. पण सातपैकी सात आयसी चांगल्या असताना त्या उपटून टाकायच्या, हे त्यांच्या हाताला जमत नाही.

सातपैकी सात चांगल्या आहेत हे अर्थात अजून ठरायचं होतं.

टीआर ४ नवा बसला, टीआर ५ ठीक निघाला. कॉइलही शाबूत. वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. या वयाच्या यंत्रात ते मोजत बसण्यात काका वेळ घालवत नाहीत. मग अखेर वीज, आणि तीही टीव्ही न जोडता. १२ आले, ५ आले, उणे ५ आले. आता टीव्ही. ३६ व्या वाहिनीच्या भानगडीत काका पडले नाहीत. चित्राला वाहिनीवर चढवणारा जो धातूचा डबा असतो, त्याला आतून बगल देऊन त्यांनी साधा व्हिडिओ सिग्नल त्याच सॉकेटातून बाहेर काढला. बाहेरून काही भोक पाडलं नाही, उद्या कोणाला मूळ स्थितीत आणायचं असेल तर आणता येईल.

पडद्यावर चित्र आलं: पांढरी चौकट, आत हिरवा रंग, आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा. दाट, सारख्या अंतरावर. तिथेच यंत्र खिळलं.

ताई तोवर परत आल्या होत्या. त्यांना वाटलं, सगळं बिघडलं. काका मात्र खुशीत होते. कारण समजायला हा संगणक सुरू होताना काय करतो ते बघावं लागेल. वीज मिळाल्याबरोबर रॉममधला कार्यक्रम स्मृतीच्या प्रत्येक घरात २ हा आकडा भरतो. मग पहिल्या घरापासून एकेक तपासत वर जातो. स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे याच स्मृतीचा एक भाग, खालच्या १६ के मधले पहिले ६९१२ बाइट. त्यातल्या ६१४४ बाइटमध्ये ठिपके, उरलेल्या ७६८ मध्ये रंग. त्यामुळे स्मृतीत जे भरलं जातं ते त्याच क्षणी पडद्यावर दिसतं. २ म्हणजे द्विमान पद्धतीत ००००००१०. ठिपक्यांच्या भाषेत, दर आठ ठिपक्यांत सातवा पेटलेला. रंगांच्या भाषेत, शेवटचे तीन अंक शाईचा रंग सांगतात आणि त्याआधीचे तीन कागदाचा. म्हणजे शाई लाल, कागद काळा. निरोगी स्पेक्ट्रम चालू केला की निमिषभर काळ्या पडद्यावर विरळ लाल रेघा चमकून जातात त्या याच.

आता या स्मृतीतली प्रत्येक आयसी प्रत्येक बाइटमधला एकच अंक सांभाळते. आठ अंक, आठ आयसी. पाचव्या बिटाची आयसी, शून्यापासून मोजत, काहीही विचारलं तरी १ असंच उत्तर देत असेल तर ००००००१० चं होतं ००१०००१०. ठिपक्यांत सातव्याबरोबर तिसराही पेटतो. दोघांमधलं अंतर चार, म्हणून रेघा सारख्याच अंतरावर पण दुप्पट दाट. आणि रंगात? कागदाचे तीन अंक ००० चे १०० होतात. १०० म्हणजे हिरवा. हिरव्या कागदावर लाल शाई. पडद्यावर नेमकं तेच होतं.

काकांनी हे ताईंना पाठकोऱ्या बिलावर आकडे मांडून दाखवलं. मग त्यांना टीव्हीचं आठवलं. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, "काका, पडद्यावर नुसती एक आडवी रेघ आहे," आणि काका दुकानातून निघतानाच व्हर्टिकलचे सुटे भाग पिशवीत टाकायचे. कोपऱ्यात जांभळा डाग म्हटलं की ट्यूबला चुंबकत्व चिकटलंय, सोबत डिगॉसिंग कॉइल. त्या यंत्रांत रोग चित्रातच दिसायचा. पुढच्या यंत्रांनी ही सोय काढून घेतली. आजचा बंद फोन टेबलावर आला की तो काळा असतो, बॅटरी गेली तरी काळा आणि स्मृती गेली तरी काळा. स्पेक्ट्रमच्या मागच्या खाचेत बसवायचं तपासणीचं कार्डही काकांकडे आहे. ते मूळ रॉमला बाजूला सारतं आणि स्मृतीची एकेक आयसी तपासून कोणती गेली ते स्वतः लिहून दाखवतं. उत्तम साधन आहे. काका ते दुसऱ्यांदा खात्री करायला वापरतात. पहिलं वाचन त्यांना डोळ्यांनीच करायचं असतं.

कार्डानंही पाचवा बिट सांगितला. ती आयसी बदलली, तुटक्या मेंब्रेनच्या जागी नवा आला. वीज दिली. काळ्यावर लाल रेघा, क्षणभर पांढरा पडदा, आणि तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ.

एव्हाना सर स्वतः पुण्यात मुलीकडे आले होते आणि जिना चढून दुकानातही. पंचाहत्तरी उलटलेली, पण फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोलणं. ती ओळ दिसली तशी त्यांनी टाळीच वाजवली. काका म्हणाले, "सर, थांबा. अजून एक आकडा विचारायचाय त्याला." त्यांनी आज्ञा लिहिली: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. या दोन घरांत संगणक आपल्या तपासणीचा निकाल ठेवतो, चांगली स्मृती कुठवर सापडली तो पत्ता.

उत्तर आलं ३२७६७.

"दोनाचा पंधरावा घात उणे एक," सर म्हणाले.

"सोळावा यायला हवा होता."

म्हणजे ६५५३५. बोर्डावर वरच्या ३२ के च्या आयसी बसलेल्या होत्या, पण संगणकाला त्या सापडत नव्हत्या. इथे या यंत्राचा एक स्वभाव लक्षात येतो. खालची स्मृती बिघडली तर तो आकांत करतो. वरची बिघडली तर ब्रही काढत नाही. आपण १६ के चेच आहोत असं धरून मुकाट्यानं चालू होतो. तीच १९८२ ची ओळ, तोच पांढरा पडदा.

सर गप्प झाले. मग म्हणाले, की पोरं मुंबईहून गेमच्या टेपा आणायची. त्यातल्या काही "रॅमटॉप नो गुड" असं काहीतरी लिहून थांबायच्या. काही शेवटपर्यंत लोड व्हायच्या आणि मग पडदा विस्कटायचा. सरांनी निष्कर्ष काढला होता की टेपा नकली आहेत, आणि पोरांना तसं बजावलंही होतं. खरं तर टेपवरून येणारे बाइट बरोबर आले की नाही एवढंच संगणक पडताळणीच्या बाइटनं ताडून बघतो. स्मृतीत ते नीट बसले का, हे तो विचारत नाही. त्यामुळे लोड होताना चूक दिसत नाही, आणि खेळ सुरू झाला की कोसळतो. सरांचे स्वतःचे कार्यक्रम छोटे होते, १६ के च्या आतले. वर्षानुवर्षं ते पूर्ण संगणकाऐवजी एक तृतीयांश संगणक वापरत होते की काय, कोण जाणे. वरच्या स्मृतीतली आयसी कधी गेली त्याची नोंद यंत्र ठेवत नाही.

दोषी शोधायला या वेळी बोटाचीही गरज नव्हती. काकांनी ३२७६८ या घरात शून्य पोक केलं आणि परत वाचलं. पडद्यावर ८. पुन्हा शून्य, पुन्हा ८. काकांनी कीबोर्ड सरांकडे सरकवला. सरांनी शेजारच्या चार घरांत वेगवेगळे आकडे घालून पाहिले. ७ घातले की १५ यायचे, १६ घातले की २४, आणि ८ घातले की ८ च. "दोनाचा तिसरा घात. तिसऱ्या बिटाची," सर म्हणाले, आणि ते उत्तर काढण्यात त्यांना त्या संपूर्ण दुरुस्तीतला सगळ्यात जास्त आनंद झाला हे दिसत होतं.

वरच्या स्मृतीच्या या आयसींमागे एक व्यापारी गोष्ट आहे. त्या ३२ के च्या म्हणून विकल्या गेल्या, पण आतला तुकडा ६४ के चा आहे. कारखान्यात तयार होताना ज्यांचा अर्धा भाग सदोष निघाला त्या टाकून न देता, चांगला अर्धा कोणता ते नोंदवून, स्वस्तात विकल्या. डागी हापूस पेटीतून काढून कमी भावानं द्यावा तसं. सिंक्लेअरनं त्या घेतल्या आणि बोर्डावर तारेची एक छोटी जोडणी ठेवली: वरचा अर्धा चांगला असेल तर इकडे, खालचा असेल तर तिकडे. १७५ पौंडांत ४८ के कसे परवडले याच्या अनेक कारणांपैकी हे एक. म्हणजे सरांच्या यंत्रात पहिल्या दिवसापासून आठ अर्धवट आयसी होत्या आणि त्या ठरल्याप्रमाणे काम करत होत्या. दुरुस्तीवाल्याला यात फायदाच आहे. पूर्ण ६४ के ची ४१६४ ही आयसी तिथे सरळ बसते, तारेची जोडणी कुठेही असो. तिला १२ आणि उणे ५ ची गरजही नाही. शिवाय ती अजून सहज सापडते, जुन्या बाजारातल्या भंगार बोर्डांवरसुद्धा.

तिसऱ्या बिटाच्या जागी ४१६४ बसली आणि आकडा ६५५३५ झाला.

मग टेपा. सरांनी स्वतः लिहिलेल्या कार्यक्रमांची एक कॅसेट जपून ठेवली होती, कडेला पांढरी बुरशी धरलेली. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून चिकट काळा लगदा झालेला, तो बदलला. काकांनी कॅसेट संगणकाला लगेच जोडली नाही. आधी आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला, कारण अशी टेप पुन्हा वाजेल याची हमी नसते. पहिल्या प्रयत्नाला "आर टेप लोडिंग एरर". रेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवत, किर्र आवाज सगळ्यात कर्कश होईल तिथे आणला. हेडचा कोन टेपशी जुळला की आवाज धारदार होतो, हे कानानंच कळतं. पुन्हा चालू. चौकटीवर लाल-आकाशी पट्टे सावकाश सरकले, मग निळे-पिवळे भराभर. सेकंदाला सुमारे दीड हजार बिट या गतीनं.

कार्यक्रम आठवीच्या तुकडीच्या चाचणी परीक्षेचा निकाल लावण्याचा होता. सरांनी लिस्ट केलं. ओळींमागून ओळी वर सरकल्या, "स्क्रोल?" विचारून थांबल्या, पुन्हा सरकल्या. शेवटी डेटाच्या ओळी आल्या. हजेरी क्रमांक, मराठी, गणित, शास्त्र. नावं नव्हती, तेवढी स्मृती सरांनी वाचवली होती.

ताई वाकून बघत होत्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाबा, हा सतरा नंबर माझा. गणितात एकतीस?"

"पस्तीसला पास होतं," सर म्हणाले.

"त्या चाचणीला मला ताप होता."

"तुझ्या आईनंही तेव्हा हेच सांगितलं होतं."

काकांनी रेग्युलेटरवर बोट टेकवून पाहिलं, फार तापला नव्हता, आणि बिलाचं पुस्तक उघडलं. ताई अजून मराठीचे गुण शोधत होत्या. ते बरे निघाले.